अंदाजे किंमत

मिरजेहून रात्रीच्या गाडीने निघालो तेव्हा माझ्याकडे दोन बॅगा होत्या. पहाटे पुण्याला उतरलो तेव्हा खांद्यावर एकच होती. हे लक्षात आलं ते रिक्षात बसल्यावर. तोवर गाडी मुंबईच्या दिशेने निघून गेली होती.

राहिलेल्या काळ्या सॅकमध्ये कंपनीचा लॅपटॉप होता, दोन शर्ट होते, आईने दिलेला डबा होता आणि आजीची वही होती. लॅपटॉपची मला फारशी काळजी वाटली नाही. त्यातली प्रत्येक फाईल दुसरीकडे कुठेतरी होतीच. आठवड्याभरात नवीन यंत्र मिळालं आणि तासाभरात मी जिथे थांबलो होतो तिथून काम पुन्हा सुरू केलं. वहीची मात्र दुसरी प्रत नव्हती. आजी पन्नाशीत लिहायला शिकली. १९९०नंतर गावोगाव साक्षरतेचे रात्रीचे वर्ग सुरू झाले होते, त्यातल्या एका वर्गात. अक्षर हाताला वळल्यावर तिने जात्यावर म्हणायच्या ओव्या, तिच्या आईकडून आलेल्या आणि काही बहुधा तिच्या स्वतःच्या, एका दोनशे पानी वहीत उतरवून ठेवल्या. ती गेली त्याला तीन वर्षं झाली. वही स्कॅन करायची म्हणून मी ती घरून मागून आणली होती. त्याआधी दोन सुट्ट्यांत मी घरी गेलो होतो. तेव्हा खिशातल्या फोनने अर्ध्या तासात सगळी पानं टिपता आली असती. ‘नीट, चांगल्या स्कॅनरवर करू’ म्हणून राहून गेलं. दुसऱ्यांच्या विदागारांचे बॅकअप नीट चालू आहेत की नाहीत हे पाहण्याचा पगार मी घेतो, हे इथे सांगितलंच पाहिजे.

वही हरवली त्या दिवसांत मला एक नाद लागला. रेल्वेत काय काय हरवलं, त्यातलं काय सापडलं आणि जे सापडलं ते कशामुळे, हे मी शोधत बसलो. सुरुवातीला हा नुसता मनाला दिलासा होता. पुढे त्यातून एक वेगळाच इतिहास समोर आला. तो हरवलेल्या वस्तूंपेक्षा पावत्यांचा, नोंदवह्यांचा आणि मागायला जाणाऱ्या माणसांचा जास्त आहे.

*

पहिली गोष्ट सुखान्त आहे. १९१२ सालच्या मार्चमध्ये रवींद्रनाथ ठाकूर विलायतेला निघणार होते, पण आजारी पडले आणि जाणं लांबलं. विश्रांतीसाठी ते पद्मा नदीकाठच्या शिलाईदहला गेले. तिथे नवीन काही लिहिण्याची ताकद नव्हती, म्हणून आपल्याच बंगाली कविता ते इंग्रजीत करू लागले. मेच्या शेवटी त्यांनी मुंबईहून बोट पकडली. वाटेतही वहीत भर पडत राहिली. जूनच्या मध्यावर ते लंडनला पोचले. बरोबर मुलगा रथींद्रनाथ आणि सून प्रतिमादेवी होत्या.

चेरिंग क्रॉसहून ब्लूम्सबरीतल्या हॉटेलकडे जाण्यासाठी मंडळी भुयारी रेल्वेत बसली. वडिलांची कागदपत्रांची छोटी पेटी रथींद्रनाथांच्या हातात होती. जमिनीखालून धावणारी गाडी हा त्यांच्यासाठी नवाच प्रकार होता. त्या गडबडीत पेटी डब्यातच राहिली, आणि हे त्या दिवशी कोणाच्या ध्यानातही आलं नाही. चित्रकार विल्यम रोदेनस्टाइन यांच्याकडे कविता न्यायच्या म्हणून वडिलांनी पेटी मागितली, तेव्हा मुलाच्या पायाखालची जमीन सरकली. तो हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत धावला. पेटी तिथे होती. कोण्या उतारूने किंवा रेल्वेच्या नोकराने ती उचलून जमा केली होती. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. रोदेनस्टाइनने कविता वाचल्या, त्यांच्या टंकलिखित प्रती करवून घेतल्या आणि कवी येट्ससह आपल्या मित्रांना पाठवल्या. नोव्हेंबर १९१२मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने इंग्रजी ‘गीतांजली’च्या ७५० प्रती छापल्या. त्यानंतर वर्षभरात, नोव्हेंबर १९१३मध्ये, नोबेल पारितोषिक जाहीर झालं. गंमत म्हणजे येट्सने प्रस्तावनेत लिहिलं आहे की हे हस्तलिखित तो आगगाडीत, बसच्या टपावर, खाणावळीत सगळीकडे बरोबर घेऊन फिरत असे. म्हणजे रेल्वेत एकदा हरवून सापडलेला मजकूर पुन्हा रेल्वेतूनच हिंडत होता. फरक इतकाच की आता त्याच्या प्रती झाल्या होत्या.

रथींद्रनाथांनी आठवणींच्या पुस्तकात हा प्रसंग लिहिला आहे आणि पेटी मिळाली नसती तर काय झालं असतं, हा विचार आपल्याला अनेकदा पडतो असंही म्हटलं आहे. मूळ बंगाली कविता सुरक्षित होत्या, त्यामुळे कवीचं सर्वस्व गेलं नसतं. पण आजारपणातून उठताना, त्या विशिष्ट मनःस्थितीत झालेली ती भाषांतरं पुन्हा तशीच उतरली असती असं नाही.

या गोष्टीला एक छोटी दुरुस्ती जोडतो. ती पेटी बेकर स्ट्रीटवरच्या कचेरीत सापडली असं ही गोष्ट सांगताना पुष्कळदा म्हटलं जातं. पण २०० बेकर स्ट्रीट इथली ती प्रसिद्ध कचेरी उघडली १९३३ साली, म्हणजे घटनेनंतर २१ वर्षांनी. शेरलॉक होम्सच्या रस्त्यावर हरवलेल्या वस्तू सापडाव्यात हे इतकं चपखल वाटतं की गोष्ट आपोआप त्या पत्त्यावर जाऊन बसली असावी. वस्तू हरवतात तशा तारखाही हरवतात, आणि त्यांच्या जागी बरी दिसणारी दुसरी वस्तू ठेवली जाते.

*

दुसऱ्या दोन गोष्टी दुःखान्त आहेत.

१९१९च्या अखेरीस टी. ई. लॉरेन्स, म्हणजे अरबस्तानातला लॉरेन्स, लंडनहून ऑक्सफर्डला चालला होता. वाटेत रेडिंग स्थानकावर गाडी बदलायची होती. तिथल्या उपाहारगृहात त्याने पायाशी ठेवलेली बॅग गेली. तुर्कांविरुद्धच्या अरब बंडाची त्याने लिहिलेली हकीकत, ‘सेव्हन पिलर्स ऑफ विज्डम’चा जवळजवळ सगळा पहिला खर्डा, त्या बॅगेत होता. प्रत नव्हती. युद्धकाळातली बरीचशी टिपणंही त्याने लिखाण होईल तसतशी नष्ट केली होती. बॅग कधीच मिळाली नाही. पुढच्या काही महिन्यांत त्याने आठवणीतून सगळं पुन्हा लिहून काढलं, मग त्यावर आणखी संस्कार केले, आणि १९२६ साली ते पुस्तक वर्गणीदारांसाठी छापून निघालं. आज आपण वाचतो ते पुस्तक त्या हरवलेल्या पुस्तकाचं भावंड आहे. मूळ कसं होतं हे ताडून पाहायला काही उरलेलं नाही.

तिसरी गोष्ट हेमिंग्वेची. डिसेंबर १९२२मध्ये तो वार्ताहर म्हणून स्वित्झर्लंडमध्ये लोझानला होता. तिथे तुर्कस्तानसंबंधीची शांतता परिषद चालली होती. पत्नी हॅडली पॅरिसहून त्याच्याकडे निघाली. त्याला तिथे लिहायला बसता यावं म्हणून तिने घरातलं लिखाण गोळा करून एका सुटकेसमध्ये भरलं. गार द लियों स्थानकावर ती सुटकेस गाडीतून चोरीला गेली. हेमिंग्वेला पहिल्यांदा वाटलं, मूळ कागद गेले तरी कार्बन प्रती घरी असतील. त्या बघायला तो पॅरिसला परतला. घरी काही नव्हतं. हॅडलीने प्रेमाने, नीटनेटकेपणाने, कार्बन प्रतीसुद्धा त्याच सुटकेसमध्ये भरल्या होत्या. वाचल्या त्या दोन कथा. एक संपादकाकडे गेली होती म्हणून आणि दुसरी एका ड्रॉवरमध्ये पडून राहिली होती म्हणून.

आमच्या धंद्यात नव्या माणसाला हे पहिल्या आठवड्यात शिकवतात: मूळ आणि प्रत एका जागी ठेवलीत, तर तुमच्याकडे प्रत नाही. हॅडलीला हसायचं कारण नाही. तिने प्रेमापोटी सगळं एका पेटीत भरलं. मी आळसापोटी प्रतच काढली नाही.

या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की एक प्रश्न पडतो. रवींद्रनाथांची पेटी परत आली आणि बाकी दोघांची आली नाही, हा निव्वळ नशिबाचा भाग का? काही अंशी हो. चोरलेली वस्तू आणि विसरलेली वस्तू यांत मोठा फरक आहे. विसरलेल्या वस्तूपाशी पहिला पोचतो तो बहुधा साधा माणूस असतो, सहप्रवासी किंवा झाडणारा. पण त्या साध्या माणसाला ती वस्तू नेऊन द्यायला एक जागा लागते, त्या जागेवर वही लागते, आणि मालकाला ती जागा ठाऊक असावी लागते. १८४२ साली लंडनमध्ये रेल्वे क्लिअरिंग हाऊस स्थापन झालं ते मुळात वेगवेगळ्या कंपन्यांच्या रुळांवरून जाणाऱ्या प्रवाशाच्या एकाच तिकिटाचे पैसे कोणी किती घ्यायचे, हे ठरवण्यासाठी. पण हिशेब आला की वही आली, आणि वही आली की एका कंपनीच्या गाडीत राहिलेली छत्री दुसऱ्या कंपनीच्या स्थानकावर शोधता येऊ लागली. हरवलेलं सापडायला चांगुलपणा लागतोच, पण नुसता चांगुलपणा पुरत नाही.

*

आपल्याकडे रेल्वे आली १८५३ साली. १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली. सामानाचा कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १८६५ साली आला. माल वाहून नेणाऱ्यांसाठीचा हा ‘कॅरिअर्स ॲक्ट’ वाचायला मजा येते. त्याच्या शेवटी मौल्यवान वस्तूंची एक यादी आहे. त्यात सोनं, चांदी, मोती, घड्याळं, हुंड्या, रेशीम, शाली, हस्तिदंत आहे, आणि त्यांच्याच रांगेत ‘लिखाणं’सुद्धा आहेत. यादीतली वस्तू १०० रुपयांपेक्षा जास्त किमतीची असली, तर माल देतानाच ते सांगावं लागे. सांगितलं नाही तर ती हरवल्याची भरपाई मागायला जागा नसे. म्हणजे हाताने लिहिलेला कागद मोत्यांच्या पंगतीत बसू शकतो हे कायद्याला दीडशे वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. अट एवढीच होती की त्याची किंमत मालकाने आधी स्वतः उच्चारली पाहिजे.

पुढे १८९०चा रेल्वे कायदा आला आणि प्रवाशाच्या सामानाचा नियम पक्का झाला: रेल्वेच्या नोकराने सामान बुक करून पावती दिली असेल तर रेल्वे बांधील, नाहीतर नाही. १९८९च्या आजच्या कायद्यातलं शंभरावं कलम जवळपास तेच सांगतं. बुक केलेल्या सामानाला पावती हवी. आणि सामान प्रवाशाच्या स्वतःच्या ताब्यात असेल तर रेल्वेचा किंवा तिच्या नोकरांचा हलगर्जीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध करावं लागतं. आपण बर्थखाली सरकवतो ती बॅग कायद्याच्या नजरेत आपल्याच मांडीवर असते.

जून २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अशीच एक तक्रार होती. रात्रीच्या प्रवासात एकाच्या कमरेच्या पट्ट्यातले एक लाख रुपये चोरीला गेले होते. ग्राहक मंचांनी रेल्वेला भरपाई द्यायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. प्रवासी स्वतःच्या वस्तू सांभाळू शकला नाही, तर त्याला रेल्वेच्या सेवेतली त्रुटी म्हणता येणार नाही, असा त्याचा आशय होता. याउलट, आरक्षित डब्यात तिकीट नसलेल्यांना शिरू दिलं आणि त्यातून चोरी झाली, अशा काही प्रकरणांत ग्राहक आयोगांनी प्रवाशांच्या बाजूने निकाल दिलेले आहेत. सगळा वाद फिरतो तो हलगर्जीपणा कोणाचा याभोवती.

लोकांना कायद्याचं कलम माहीत नसलं तरी त्याचा अर्थ पक्का माहीत होता. आमच्या घरच्या माळ्यावर अजून एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात आजोबांचं नाव, खाली मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. लहानपणी मला वाटायचं ही हौस आहे. पेंटरकडून नाव घालून घेणं म्हणजे हरवलेल्या पेटीने स्वतःच आपला पत्ता सांगावा अशी सोय होती, हे आता कळतं. वळकटीला नावाची चिठ्ठी शिवायची, फलाटावर साखळी-कुलूप विकत घ्यायचं, खालच्या बर्थच्या कडीला ट्रंक बांधायची, रात्री चपला उशाशी घ्यायच्या. नियम छापील होते, आणि त्यांच्यावरचं हे भाष्य घरोघरी चालू होतं. चाकांच्या चकचकीत बॅगा आल्या आणि नाव घालण्याची पद्धत गेली. माझ्या सॅकवर कंपनीचं नाव होतं. तशा सॅका हजारो निघाल्या असतील.

*

वस्तूंच्या या इतिहासात शोधता शोधता मला दोन माणसं भेटली आणि विषयाचा रंगच बदलला.

जून १८९३. गांधी दरबानहून प्रिटोरियाला निघाले होते. पहिल्या वर्गाचं तिकीट हातात असताना त्यांना पीटरमारित्झबर्गला डब्यातून उतरवलं. हा प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. त्यातल्या सामानाकडे मात्र माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. आत्मकथेत गांधी सांगतात की हातातली बॅग तेवढी त्यांच्यापाशी राहिली, बाकीचं सामान पडलं होतं तिथेच त्यांनी सोडलं, आणि ते रेल्वेने ताब्यात घेतलं. दक्षिण आफ्रिकेतला जून म्हणजे हिवाळा. गाव उंचावर. थंडी कडाक्याची, आणि ओव्हरकोट त्या सामानात. तो मागायला जायचं धाडस त्यांना झालं नाही. पुन्हा अपमान झाला तर? म्हणून ते दिवा नसलेल्या वेटिंग रूममध्ये रात्रभर कुडकुडत बसले.

त्या रात्री गांधींचं सामान हरवलेलं नव्हतं. ते पूर्ण सुरक्षित होतं, कोणाच्या तरी ताब्यात, बहुधा कुलपात. काही पावलं चालून जाऊन मागायचं एवढंच बाकी होतं, आणि तेवढंच शक्य नव्हतं.

दुसरी गोष्ट डॉ. आंबेडकरांची. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. सामान त्यांनी थॉमस कुक कंपनीमार्फत वेगळ्या बोटीने पाठवलं होतं आणि स्वतः दुसऱ्या बोटीने निघाले. महायुद्ध चालू होतं. सामानाची बोट पाणतीराने बुडाली. सुरुवातीला ते स्वतःच बुडाले अशी भीती घरी पसरली होती. ऑगस्टमध्ये ते मुंबईला पोचले. करारानुसार बडोदा संस्थानात नोकरीला हजर व्हायचं होतं, पण हातात पैसे नव्हते. धनंजय कीरांच्या चरित्रात नोंद आहे की बुडालेल्या सामानाबद्दल थॉमस कुककडून सहाशे रुपये मिळाले, आणि त्यांच्या आधाराने बडोद्याला जाणं जमलं.

बडोद्यात काय झालं ते आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. कोलंबियात शिकून आलेल्या या माणसाला तिथे राहायला खोली मिळेना. पारशी नसताना एका पारशी वसतिगृहात ते राहिले. काही दिवसांनी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळच्या आत जागा सोड म्हणाला. हिंदू आणि ख्रिस्ती मित्रांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. तो दिवस त्यांनी कामाठी बागेत काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

ही गोष्ट आम्ही शाळेत वाचली होती. सहाशे रुपयांशी जोडून मी ती कधी वाचली नव्हती. समुद्राच्या तळाशी गेलेल्या पेट्यांची एका विलायती कंपनीने दखल घेतली, कारण त्या पेट्यांची पावती होती. पेट्यांच्या मालकाला, तोही संस्थानाचा अधिकारी असताना, त्या शहरात एक खोली मिळाली नाही. तिकडे मारित्झबर्गला ओव्हरकोट कुलपात आणि माणूस थंडीत. वस्तूंसाठी वही, नंबर आणि शिक्का यांची व्यवस्था आधी तयार झाली. माणसांसाठी ती व्हायला फार वेळ लागला, आणि ती पुरी झाली असं आजही म्हणवत नाही.

हरवलेली वस्तू परत मागायला जाणं ही साधी क्रिया नाही, हे मला या दोन गोष्टींनी शिकवलं. खिडकीपाशी उभं राहून ‘हे माझं आहे’ म्हणायला आधी असं वाटावं लागतं की समोरचा आपलं म्हणणं ऐकून घेईल. आजीला रेल्वेच्या कुठल्याही खिडकीशी उभं राहायची भीती वाटायची. तिकीट काढायलाही ती कोणाला तरी पुढे करायची. तिच्या आयुष्यात गाडीत राहिलेल्या पिशव्या राहूनच गेल्या असणार. त्यांची कुठेच नोंद नाही. कवींच्या आणि सेनानींच्या पेट्यांच्या गोष्टी आपल्यापर्यंत येतात. पोटल्यांच्या येत नाहीत.

*

मी त्याच दिवशी १३९वर तक्रार नोंदवली होती. डबा, बर्थ, तिकिटाचा नंबर सगळं दिलं. पुढच्या एका स्थानकावर कोणीतरी डब्यात जाऊन पाहिलं आणि बर्थवर काही नाही असा निरोप आला. तक्रार बंद झाली. मीही आतून बंद केली होती.

बाबांच्या ओळखीचे एक निवृत्त गार्ड आहेत. ते फोनवर म्हणाले, “अरे, बॅग बर्थवर राहत असते होय? कुणीतरी हलवली असणार. गाडी जिथं संपते तिथं जा आणि रजिस्टर बघायला माग. फोनवर विचारलंस तर नाही म्हणतील. वही उघडायला लाव.”

अकराव्या दिवशी मी मुंबईला गेलो. कचेरी म्हणजे एक खोली, एक टेबल आणि मागे पत्र्याची कपाटं. छत्र्या, हेल्मेटं, डबे, लहान मुलांच्या शाळेच्या बॅगा आणि एक पिशवी भरून क्ष-किरणांचे फोटो. टेबलापलीकडच्या बाईंनी गाडी आणि तारीख विचारली, वही ओढली, बोट खाली खाली नेलं आणि थांबवलं. नोंद अशी होती: काळी सॅक १, शर्ट २, चार्जर १, स्टीलचा डबा १, जुनी वही १. लॅपटॉप नव्हता. बॅग मिळाली होती चार डबे पलीकडे, गाडी धुवायला यार्डात गेल्यावर. साफसफाई करणाऱ्या एका बाईंनी ती आणून दिली होती. ज्याने उचलली, त्याने आपल्या उपयोगाचं काढून घेऊन बाकीचं टाकून दिलं होतं.

“तुमचीच कशावरून?” टेबलापलीकडच्या बाईंनी विचारलं.

मी तिकीट दाखवलं. त्या म्हणाल्या, “तिकीट गाडीचं आहे, बॅगेचं नाही. वहीत पहिल्या पानावर काय आहे ते सांगा.”

पहिल्या पानावर ओवी नाही. पहिल्या पानावर आजीने स्वतःचं नाव लिहिलं आहे, वरपासून खालपर्यंत, एकाखाली एक. वरची नावं वाकडी आहेत, रेघ सोडून चाललेली. खाली येता येता ती सरळ होत जातात. मी तिचं नाव सांगितलं आणि म्हटलं, हेच पानभर आहे. बाईंनी पान उघडलं. थोडा वेळ त्या बघत राहिल्या. “आजी का?” म्हणाल्या. मी हो म्हटलं.

मग त्यांनी वही माझ्याकडे फिरवली आणि रकाने दाखवले. नाव, पत्ता, मोबाइल, ओळखपत्र, सही. शेवटून दुसरा रकाना ‘अंदाजे किंमत’ असा होता. सॅक आणि शर्ट मिळून मी काहीतरी आकडा लिहिला. ‘जुनी वही’च्या ओळीपाशी हात थांबला. १८६५च्या यादीतली ‘लिखाणं’ मला आठवली, आणि किंमत आधी स्वतः सांगावी लागते ही अटही. मागे एक जण हेल्मेटसाठी ताटकळत उभा होता.

“वीस रुपये लिहा,” बाई म्हणाल्या. “रिकामं सोडायचं नसतं.”

मी वीस लिहिले, सही केली, आणि सॅक आणून देणाऱ्या बाईंचं नाव विचारलं. नोंदीत त्यांचं नाव नव्हतं. ‘सफाई कर्मचारी, यार्ड’ एवढंच होतं.

परतीच्या गाडीत बसायच्या आधी फलाटावरच्या बाकावर बसून मी फोनने वहीची सगळी पानं टिपली. १७२ पानं लिहिलेली भरली. पस्तीस मिनिटं लागली.